पाणी उतरलं नाही, मास्तर

मास्तर,

तुमचा केदार म्हणाला, मंडळाच्या अंकात आप्पांवर काहीतरी येऊ दे, तुम्हीच लिहा. मी म्हटलं, अरे, मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, मी काय लिहू? तर म्हणतो, "आप्पाच म्हणायचे, तांडेलांना एकदा लिहायला बसवलं पाहिजे." तुम्ही माझ्या माघारी असं बोलायचात हे मला ठाऊक नव्हतं. तोंडावर तर माझ्या सहीलासुद्धा हसायचात. "तांडेल, ही सही म्हणायची की गळाला लागलेली वाम?"

तुम्ही कुठे जन्मलात, किती शाळा केल्यात, ते केदार लिहील. मी लिहिणार नाही, मला ते सगळं ठाऊकही नाही. वाचणाऱ्याला एवढं पुरे, की मी आमच्या खाडीवर चाळीस वर्षं तरीची होडी चालवली, माणसं या काठावरून त्या काठावर नेली. तुम्ही पुण्यात भूगोल शिकवलात. माझी शुभा तुमच्या केदारला दिली म्हणून आपण व्याही झालो, नाहीतर तुमची माझी गाठ पडायचं कारण नव्हतं. म्हातारपणी मी इथे परदेशात मुलाकडे बेडोकला आलो, तुम्ही याच शहरात केदारकडे बिशानला. तांडेल म्हणजे मोठ्या बोटीवरचा मुख्य. मी साधा होडीवाला. तुम्ही मला ती बढती दिलीत आणि मी ती गुपचूप घेतली.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. सून म्हणते, येईल, मोकळं व्हाल. दाढ काढल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर गाल आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं चाललं आहे. जेवतो, झोपतो, खाली बागेत चार फेऱ्या मारतो. फेऱ्या मोजतो. तुमचं नाव कोणी काढलं की मान हलवतो.

आता जे लिहायचं आहे त्याआधी मी शुभाला विचारलं, की हे सगळं अंकात येईल, चालेल का? ती म्हणाली, "लिहा बाबा. सगळ्यांना माहीतच आहे." म्हणून लिहितो.

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी घेत नाही. माझ्या बापाने माझ्या बहिणीकडे घेतलं नाही, आज्याने आत्याकडे घेतलं नाही. शुभाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि तिला मूल नाही. दर रविवारी मी बिशानला यायचो, दारात चपला काढायचो, सोफ्याच्या टोकाला बसायचो. शुभा पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवायची. मी त्याला हात लावायचो नाही. तासाभराने ती तो उचलून आत न्यायची. मग मी लिफ्टने खाली उतरून ब्लॉकखालच्या कॉफीशॉपात घटाघटा पाणी प्यायचो. तुम्ही वर कॉरिडॉरच्या कठड्याशी उभे राहून बघत असायचात, हे मला ठाऊक होतं. मी वर बघायचो नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. लग्नाच्या दिवशी पंगत बसली होती. तुमच्या नात्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "होडीवाल्याला आता पुण्यात हक्काची खानावळ झाली." मी पाठमोरा होतो, तिला वाटलं ऐकू गेलं नसेल. पाण्यावर आवाज लांबून ऐकायची सवय असलेला माणूस मी. त्या दिवशी पानावर बसलो तेवढं शेवटचं. रीत तर होतीच, पण रीतीला मी जो जोर लावला तो त्या बाईपायी. तुम्ही बाईला ओळखत असाल. आता जाऊ द्या.

केदारने बोटीची तिकिटं काढली ती आपल्या दोघांना घराबाहेर घालवायलाच. आपण एका खोलीत बसलो की पंख्याच्या वेगावरूनसुद्धा वाजायचं. दिवसभराचं तिकीट होतं. नदीवर कुठल्याही धक्क्याला उतरायचं, शहर बघायचं, पुन्हा मागून येणाऱ्या बोटीत चढायचं. तुम्ही छत्री, पाण्याची बाटली, औषधाची डबी आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून केदारची पोरकट टोपी, एवढा सरंजाम घेऊन आलात.

"एव्हरेस्टला निघालात का, मास्तर?"

"तुम्ही हात हलवत आलात, कारण तुम्हाला ठाऊक आहे मी सगळं आणणार."

लाकडी बोट होती, पुढे डोळे रंगवलेली. चालवणारा मलय म्हातारा माझ्याच वयाचा. मी धक्क्यावरून आत पाय टाकला तो त्याने पाहिला आणि मान लववली. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण पाय कुठे टाकायचा हे ज्याला येतं तो कळतो. तुम्ही माझ्यामागून चढलात आणि बोट अशी हलली की समोरच्या गोऱ्या बाईने कठडा धरला. "मास्तर, मधोमध! तुम्ही फळ्याजवळ उभे नाही!" मी ओरडलो. म्हातारा हसला. मराठी त्याला तेवढी कळली.

बोटीत इंग्रजीत माहिती सांगणारी बाई वाजत होती. तुम्ही मला मराठीत सांगत होतात. एका जुन्या लोखंडी पुलाखालून आपण गेलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "पूर्वी भरतीला इथून बोटी जात नसत. पूल ठेंगणा. ओहोटी लागेपर्यंत थांबायच्या."

"म्हणजे भरती-ओहोटी आहे हिला. मी तेच बघत होतो, कधी लागते."

"आता नाही. मुखाशी बांध घातला आहे. समुद्र आत येत नाही."

"नदीला तोंड आहे, तोंडाशी समुद्र आहे, आणि ओहोटी नाही? कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. तीस वर्षं शिकवलं आहे, तांडेल."

"तुम्ही खडूने शिकवलंत. मी ओहोटीत चिखलात रुतून शिकलो. सहा तासांत पाणी उतरणार म्हणजे उतरणार."

त्या गोऱ्या बाईने वळून पाहिलं, इतका आवाज चढला होता. मग तुम्ही टोपी काढलीत, मांडीवर ठेवलीत आणि हळूच म्हणालात, "पैज लावता? पाणी उतरलं तर मी शुभाच्या घरच्या जेवणाचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही उतरलं तर येत्या रविवारी माझ्या शेजारी पानावर बसायचं."

तुम्ही किती दिवस तो विषय घेऊन फिरत होतात, ते मला तेव्हा कळलं. आणि मला ओहोटीवर पैज लावायला सांगत होतात! मी हात पुढे केला.

पुढच्याच धक्क्याला उतरलो. जुनी दुकानं आता हॉटेलं झालेली, त्यांच्यासमोर पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. मी पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजल्या. सात. खडूने खूण करू म्हटलं तर तुम्ही घाबरलात. "दंड होईल! इथे भिंतीला हात लावला तरी दंड होतो." मग तुम्हीच औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलंत, नऊ वाजून दहा, पायऱ्या सात. खाली दोघांच्या सह्या घेतल्यात.

त्या दिवशी शहर आपण असं पाहिलं, की थोडं चालायचं आणि पायऱ्या बघायला परत यायचं. पुलावर गेलो, परत आलो. सात. चिनी देवळात गेलो. तुम्ही बाहेरची पाटी वाचत राहिलात, मी आत जाऊन उदबत्ती लावून आलो. मी विचारलं, हा देव कुठला, तर म्हणालात, "पाटीवर इमारतीचं लिहिलं आहे, देवाचं नाही." परत आलो. सात. बँकांच्या उंच इमारतींच्या सावलीत सगळी तरुण माणसं गळ्यात पट्टा लावून घाईने चालली होती. तुम्ही एकाला मराठी समजून "पुण्याचे का?" विचारलंत, तो मद्रासकडचा निघाला, तरी त्याच्याशी दहा मिनिटं बोललात. मी तोवर परत जाऊन आलो. सात. दुपारी हॉकर सेंटरला तुम्ही डाळ-पराठा घेतलात, मी माशाचं डोकं. तुम्ही माझ्या ताटाकडे पाठ करून बसलात. "तो माझ्याकडे बघतोय," म्हणालात.

जेवून पायऱ्यांजवळच्या बाकावर बसलो. तेव्हा तुम्ही ते बोललात.

"तांडेल, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहात?"

"तुम्ही पाण्याला हात लावत नाही, त्यातून शुभाला काय ऐकू येत असेल?"

"रीत आहे ती. तिला ठाऊक आहे."

"अकरा वर्षं तिचा बाप तिच्या घरी येतो आणि तोंडाने न बोलता सांगून जातो, की तुला मूल नाही. तुम्ही गेल्यावर ती तो ग्लास घेऊन ओट्याशी उभी असते. मी बघतो. तुम्ही लिफ्टमध्ये असता."

मी उठलो. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पुस्तकं वाचून रीतभात येत नाही, असं म्हणालो. वरपक्षाचे लोक मुलीच्या बापाला शिकवायलाच जन्मलेले, असंही म्हणालो. तुम्ही ऐकून घेतलंत. माझा दम संपल्यावर म्हणालात, "बसा. ओहोटी चुकेल."

मग तुम्ही चहा आणायला गेलात. आता पुढचं नीट ऐका मास्तर, कारण हे तुमच्यासाठीच लिहितो आहे.

तुम्ही पाठ फिरवल्यावर मी पायऱ्या उतरलो. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो. दगडाला कुठे कालवं चिकटलेली नव्हती. हे मला सकाळीच दिसायला हवं होतं. मी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मीठ नव्हतं. आळणी, तळ्याचं असावं तसं. म्हणजे समुद्र आत येत नव्हता. सहा तास काय, सहा वर्षं बसलो असतो तरी ते पाणी उतरणार नव्हतं. मी तोंड पुसलं आणि वर येऊन बाकावर बसलो.

तुम्ही दोन चहा घेऊन आलात, घट्ट गोड दुधाचे. मी म्हटलं, "हा मुलीच्या घरचा होतो का?" तुम्ही म्हणालात, "हा त्या चिनी काकांच्या घरचा होतो. प्या." मी प्यालो. सव्वातीन वाजले.

"किती पायऱ्या, तांडेल?"

"सात."

"सकाळी?"

"सात."

तुम्ही हसला नाहीत. चिठ्ठी खिशातून काढलीत पण उलगडली नाहीत. आणि मी म्हणालो, "आज अष्टमी आहे. भांग. भांगेला पाणी हलत नाही. पौर्णिमेला उधाण असतं. खरं काय ते पौर्णिमेला कळेल."

खोटं होतं ते. भांगेला पाणी कमी उतरतं, पण उतरतं. आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल. आणि तुम्ही तीस वर्षं फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून हेच शिकवलंत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग चहाच्या कपात पाहिलंत. "बरोबर आहे," म्हणालात. "आज भांग. पौर्णिमेला येऊ."

तुम्हाला सगळं कळलं होतं. तुम्ही मला हरू दिलं नाहीत. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी इतकं सांभाळून घेतलेलं नाही, आणि मी तेव्हा बघत होतो पलीकडच्या काठावरच्या छत्र्या.

परतीची बोट पकडली. उतरताना तुमचा पाय अडखळला तेव्हा मी कोपर धरला. हलका लागला हाताला. "ऊन लागलं का?" विचारलं. "पैजेचं लागलं," म्हणालात.

द्वादशीला सकाळी शुभाचा फोन आला. तुम्ही खुर्चीत पेपर वाचत होतात, तिने हाक मारली, तुम्ही ओ दिली नाहीत. मी फोन ठेवला आणि मुलाला विचारलं, माझा निळा शर्ट कुठे आहे? तो सापडेपर्यंत मी दुसरं काही बोललो नाही. बिशानला तुमच्या दारात चपलांचा ढीग झाला होता. मी तुमच्या शोधून काढल्या आणि बाजूला नीट ठेवल्या. का, ते मला ठाऊक नाही. स्मशानात सगळं स्वच्छ, थंड, रांगेत. फुलं ठेवा म्हणाले, ठेवली. आपल्याकडे लाकडं रचायला तरी माणसाचे हात लागतात. तिथे माझ्या हातांना काही काम नव्हतं. मी ते खिशात घातले. भिंतीवर घड्याळ होतं ते चार मिनिटं मागे होतं.

सहा तास उन्हात बसवलं मी तुम्हाला. केदार म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलं, त्याचा काही संबंध नाही, हे कधीही झालं असतं. केदार मनाने चांगला आहे. मी मान हलवली.

चौथ्या दिवशी पौर्णिमा होती. मी एकटा गेलो. मुलाने स्टेशनांची नावं कागदावर मराठीत लिहून दिली, कुठे गाडी बदलायची तिथे फुली मारली. या वयात पहिल्यांदाच एकट्याने एमआरटीत बसलो. आठ वाजता पायऱ्यांवर होतो. सात. दहा वाजता सात. पाला गोळा करणारी एक छोटी होडी येऊन गेली, तिच्या लाटेने एक पायरी भिजली आणि वाळली. बारा वाजता सात. खरं सांगतो, ते पाणी उतरावं असं मला वाटत होतं. माझं खरं व्हावं म्हणून नव्हे. उतरलं असतं तर तुम्ही हरला असतात, आणि हरलेले मास्तर गप्प बसले नसते, कुठून तरी काहीतरी बोलले असते. दोन वाजता सात. उधाणाच्या दिवशी, मास्तर. मी उठलो.

घरी बेडोकला न जाता मी बिशानला गेलो. शुभाने दार उघडलं. कोपऱ्यात तुमच्यासाठी दिवा होता. मी सोफ्याच्या टोकाला बसलो. तिने ग्लास आणला नाही.

"शुभा, पाणी दे."

ती जागची हलली नाही. "सुतक आहे बाबा. बाहेरच्या माणसांनी या घरचं पाणी घ्यायचं नसतं."

आवाज सरळ होता. टोमणा की रीत, मला कळेना. माझीच मुलगी आहे.

केदार म्हणाला, "शुभा, अगं..."

"तू थांब. बाबांना रीत लागते."

मी म्हटलं, "मी पैज हरलो आहे."

"कसली पैज?"

मी सांगितलं. पूल, पायऱ्या, चिठ्ठी, पौर्णिमा. तिने उभ्याने ऐकलं. मग विचारलं, "आणि अष्टमीला पाणी उतरलं होतं?"

"नाही. तेव्हाच हरलो होतो. खोटं बोललो. तुझ्या सासऱ्यांनी चालवून घेतलं."

ती दिव्याकडे बघत होती. म्हणाली, "मला मूल नाही, बाबा." अकरा वर्षांत तिने हे मला या शब्दांत पहिल्यांदा सांगितलं.

मी म्हटलं, "नसू दे. मला भूक लागली आहे."

आणखी चांगलं काही सुचायला हवं होतं. तुम्हाला सुचलं असतं. मला तेवढंच आलं.

ती आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, मग आला. तिने पाणी ठेवलं, मी प्यालो, तिने पुन्हा भरलं. ताट मांडलं. साधं वरण-भात, फोडणी नाही. ती वाढायला लागली आणि मी पुरे म्हटलं नाही. ती थांबली नाही. एक वाढप झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हतो, दोघंही भाताकडे बघत होतो. केदार म्हणाला, "अहो बाबा, बास म्हणा, ती थांबायची नाही."

"तिला थांबायचं तेव्हा थांबेल," मी म्हटलं.

पातेलं रिकामं झालं तेव्हा थांबली. मी सगळं जेवलो, मास्तर. शीत टाकलं नाही. केदारने त्या दोघांसाठी पुन्हा कुकर लावला. तो होऊन, ती दोघं जेवून हात धुवायला जाईपर्यंत मी पानावरून उठलो नाही.